जाडूबाईचा संध्याकाळचा घोट

१

जाडूबाईला कोणीतरी मारत होतं, आणि मारणारा कोण हे माझ्या भावाला ठाऊक होतं.

"शनिवारपर्यंत थांबतो," ग्रोवेर फोनवर म्हणाला. "तू ये, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग मी सिप्रियानला काढतो. नंतर म्हणू नकोस, मला विचारलं नाही."

"सिप्रियान मास्तरांना? एकोणीस वर्षं झाली त्यांना आपल्याकडे."

"एकोणीस वर्षं साप पाळला."

जाडूबाई म्हणजे आमचं छपाईचं यंत्र. माणसाच्या उंचीएवढ्या रुंदीचे बॅनर छापणारं, कोचाबांबाजवळच्या कियाकोयो गावात, चौकामागे आमच्या घराच्या तळमजल्यावर उभं असलेलं. नाव आमच्या पापांनी, लेओन्सियोंनी, ठेवलं. नाचमंडळांचे बॅनर, शाळांचे निरोपसमारंभ, भाजलेल्या कोंबडीच्या दुकानांच्या पाट्या, नगरपालिकेच्या उमेदवारांचे हसरे चेहरे, सगळं तिच्या पोटातून निघालेलं. पापा जुलैत गेले. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, मेलेली माणसं घरी जेवायला येतात तेव्हा, त्यांचं पहिलं पान मांडायला मी सुक्रेहून आले होते. दोन तारखेला दुपारी बारा वाजता आम्ही त्यांना रीतसर निरोप दिला आणि मी परत ग्रंथालयातल्या कामावर गेले. त्यानंतर दोन दिवसांतच जाडूबाई आजारी पडली.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात पापा फार बोलत नसत. एकदा मात्र उशी सरळ करताना म्हणाले, "सिप्रियानला जपा." आम्हाला जपा, आईला जपा, असं काही म्हणाले नाहीत. आम्ही आपापलं बघू, अशी त्यांची खात्री असावी.

बुधवारी सकाळी मी बसमधून उतरले ती सरळ दुकानात शिरले.

२

सिप्रियान मास्तर यंत्राच्या उजव्या टोकाशी गुडघ्यांवर बसले होते. मला बघून उठले, हात पुसले, आणि मनगट पुढे केलं, कारण बोटं शाईने निळी होती.

"आलीस, सुल्मा. मला काढायला बोलावलंय ना तुला?"

"बघायला बोलावलंय."

"मग बघ. लपवण्यासारखं इथे काही नाही."

त्यांनी दाखवलं ते असं. शाई उडवणारा भाग, त्याला हेड म्हणतात, दिवसभर बॅनरवरून येरझाऱ्या घालतो आणि काम संपलं की उजव्या टोकाला एका छोट्या वाटीवर जाऊन बसतो. वाटीला रबराचा काठ असतो, खाली पंप. सकाळी पंप ओढतो तेव्हा वाटीतून हेड, हेडमधून नळ्या, अशी ओढ पोहोचते आणि शाई पुढे सरकते. तान्हं मूल दूध ओढतं तशी. आता ओढ पोहोचतच नव्हती. सकाळी नळ्यांत हवेचे बुडबुडे दिसायचे, आणि छपाईत पांढऱ्या रेघा पडायच्या.

"कोचाबांबाहून कारागीर आला होता ना?"

"बारा तारखेला. नवी वाटी बसवली, शाईच्या गाळण्या बदलल्या. स्वतःच्या पिशवीतलं क्लीनर वापरलं, मला हातसुद्धा लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी जाडूबाई तरुण झाली. चौथ्या दिवशी पुन्हा म्हातारी."

"पंप गेला असेल."

"थांब." त्यांनी क्लीनरच्या मोठ्या कॅनमधून सिरिंज भरली. शेजारी फळीवर पापांची छोटी काचेची बाटली होती, जुनी खोकल्याच्या औषधाची. माझा हात तिच्याकडे गेला तसे ते म्हणाले, "ती नको. ती संध्याकाळची. बंद करताना जाडूबाईला तिच्यातला घोट."

वाटी काठोकाठ भरून त्यांनी पंप चालू केला. द्रव गटकन खाली गेला.

"बघितलंस? खाली ओढ आहे. पंप जिवंत आहे, नळी मोकळी आहे. आता हेड बसवतो." हेड वाटीवर बसलं, पंप घुमला, आणि नळ्यांमधली शाई जागची हलली नाही. "वर पकड नाही. काठातून कुठेतरी वारा घुसतो."

"मग काठ पुसा."

ते माझ्याकडे बघत राहिले. पापा पुस्तकी सल्ल्यावर बघायचे तसे. "दिवसातून दहा वेळा पुसतो, पोरी. त्याच क्लीनरने. वाळलेली शाई असती तर केव्हाच विरघळली असती."

मी वाटीच्या काठावरून बोट फिरवलं. रबर सात दिवसांचं होतं. तरी बोटाला खरखर लागली.

"मास्तर, तुम्हीच केलं असतं तर मला सांगितलं असतं का?"

"तुझ्या बापाला सांगितलं असतं," ते म्हणाले आणि पुन्हा गुडघ्यांवर बसले.

३

ग्रोवेर समोरच्या टेबलाशी असतो, संगणकावर डिझाईन करतो आणि गिऱ्हाइकांशी बोलतो. यंत्राच्या बाजूला तो जात नाही. त्या वासाने डोकं चढतं म्हणतो.

"पुरावा हवा ना तुला? भिंतीकडे बघ."

पापांची एक सवय होती. सकाळी पहिल्यांदा यंत्र चालू केलं की वीतभर कागदावर चार रंगांच्या बारीक रेघांची चाचणी छापायची, तारीख घालायची आणि खिळ्याला लावायची. सगळ्या रेघा आल्या म्हणजे सगळी छिद्रं उघडी. पापा गेल्यावरही मास्तरांनी ती सवय मोडली नव्हती. मी कागद उतरवून टेबलावर ओळीने मांडले.

तीन नोव्हेंबर, सोमवार: एकही रेघ तुटलेली नाही. चार: काळ्यात दोन तुटक्या. पाच: सात. सहा: पिवळा अर्धा गायब. असं अकरापर्यंत. बारा तारखेला कारागीर आला. तेरा: स्वच्छ. चौदा: तीन तुटक्या. मग पुन्हा उतार.

"आता सतरा आणि अठरा शेजारी ठेव," ग्रोवेर म्हणाला.

मी ठेवले. सतरा तारखेच्या सकाळी जेवढ्या रेघा तुटल्या होत्या, अठराला तेवढ्याच. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"सतराला मास्तर सकाळची चाचणी छापून लगेच गेले. पुनाता गावी भावाच्या सासूसाठी चर्चमध्ये मिस्सा होती. दुकान मी बंद केलं. आणि बघ, त्या रात्री जाडूबाईला काहीही झालं नाही! तो बंद करतो तेव्हा बिघडते, मी बंद करतो तेव्हा नाही. अजून काय हवं? पुस्तकातला डिटेक्टिव्ह एवढ्यावर फाशी देतो."

"पुस्तकातला डिटेक्टिव्ह आधी विचारतो, कशासाठी?"

"बस थांब्याजवळ नवीन दुकान निघालंय. त्या माणसाने मास्तरांना दोनदा बोलावलं. दोनदा! आपलं बंद पडलं की हे तिकडे. वर सगळ्यांना सांगायला मोकळे, लेओन्सियोच्या पोरांना धंदा जमला नाही."

"आणि तू दुकान बंद केलंस तेव्हा काय काय केलंस?"

"काय करायचंय? दिवे बंद, शटर खाली."

"पापांची ती बाटली? जाडूबाईला घोट द्यायचा?"

"मी कशाला हात लावू त्या बाटलीला? आजवर कधी लावला नाही. तो सगळा त्या दोघांचा पोरखेळ."

मी आठ आणि दहा तारखेचे कागद पुन्हा पाहिले. नऊ रविवार, कागद नाहीच. पण शनिवार आणि सोमवारच्या कागदांमध्ये फक्त एकाच रात्रीएवढा उतार होता. म्हणजे रविवारीही जाडूबाईला कोणी छळलं नव्हतं.

ग्रोवेरचा हिशेब बरोबर होता.

४

दुपारी दोन्या नीका, म्हणजे नीकाबाई, आली. ती समोर फळांच्या रसाची गाडी लावते. पण तिची खरी पदवी जाडूबाईची धर्ममाता. नऊ वर्षांपूर्वी यंत्र आलं तेव्हा तिनेच त्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले होते आणि जमिनीवर चिचा, मक्याची दारू, शिंपडली होती. म्हणून यंत्राला लागून असलेल्या स्टुलावर बसायचा हक्क तिचाच.

"विधवा झाली बिचारी," यंत्रावर थोपटत ती म्हणाली. "अगं, माणसं दुःखाने दूध आटवतात, हिने शाई आटवली. तुम्ही पोरं उगाच मास्तरांच्या मागे लागलात."

तिच्या हातात सुक्या पीचचं गोड सरबत होतं, आणि ते पिताना ती हातवारे करत होती. मी ग्लासाकडे बघत राहिले.

"काय बघतेस? प्यायचंय?"

"दोन्या नीका, हे रोज इथेच बसून पिता?"

"रोज. तुझ्या बापालाही द्यायचे. का गं? मी सांडते असं म्हणायचंय तुला? या वयातही माझा हात पिसासारखा हलका आहे, थेंब सांडत नाही!"

मी असं विचारण्याचं कारण जमिनीवर होतं. मागच्या अंगणातल्या अंजिराच्या झाडापासून एक बारीक काळी रांग उंबरा ओलांडून आत येत होती, यंत्राच्या उजव्या पायावर चढत होती आणि थेट वाटीखाली नाहीशी होत होती. मुंग्या. या दुकानात मी लहानपणापासून वावरले. क्लीनरच्या त्या उग्र वासाजवळ कधी माशीसुद्धा बसलेली पाहिली नाही. मुंग्यांना शाई आवडायला कधीपासून लागली?

एवढ्यात धुराचा भपकारा आला. मागच्या छोट्या चुलीवर दोन्या नीकाने शेंगदाण्याचं सूप गरम करायला ठेवलं होतं. ते लागलं होतं.

"अरे देवा, माझं सूप!" ती धावली. ग्रोवेर टेबलावरून ओरडला, "काय जाळताय?" वरून आईने खिडकी उघडली. सिप्रियान मास्तर चुलीपासून दोन हातांवर शाईच्या नळ्या तपासत होते. त्यांनी मान वर केली ती आमची धावपळ बघून.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी मागचं दार उघडून धूर बाहेर सोडला. जळक्या शेंगदाण्याचा वास चौकापर्यंत गेला असेल. तो दोन हातांवरच्या माणसाला आला नव्हता.

५

आता मला तीन गोष्टी ठाऊक होत्या आणि त्या एकमेकींना धरून उभ्या राहत नव्हत्या.

काठावर जे बसलं होतं ते क्लीनरने जात नव्हतं. ते मुंग्यांना आवडत होतं. आणि ते फक्त त्या संध्याकाळी वाढत होतं जेव्हा मास्तर दुकान बंद करत.

मी वरून कोमट पाण्याची वाटी आणली, त्यात फडक्याचं टोक बुडवलं आणि रबराच्या काठावर दाबून धरलं. मिनिटभराने पुसलं. खरखर गेली. फडकं हाताला चिकटलं.

दोन्या नीकाचं सरबत? तिच्या ग्लासातून सांडलं असतं तर दुपारी सांडलं असतं, आणि सतरा तारखेलाही सांडलं असतं, कारण ती त्या दिवशीही बसली होती. शिवाय वाटीच्या बरोबर काठावर, रोज, थेंबभरही बाहेर न जाता? एवढा नेमका हात तिचा नाही. एवढा नेमका हात एकच, सिरिंज धरलेला.

"मास्तर," मी विचारलं, "संध्याकाळची ती बाटली संपली की भरता कुठून?"

"मोठ्या कॅनमधून. दहा-बारा दिवसांतून एकदा."

"शेवटची कधी भरली?"

त्यांनी विचार केला. "सणाच्या आधी. ऑक्टोबरअखेर असेल."

"आज एकोणीस नोव्हेंबर आहे."

"हो." ते जरा लाजल्यासारखे झाले. "सणानंतर ती भरलेलीच असते, सुल्मा. मला वाटलं, ग्रोवेर भरतो. मी काही बोललो नाही त्याला. म्हटलं, पोराला बापाच्या यंत्राची माया लागतेय. बोललो तर सोडून देईल."

समोरच्या टेबलाशी ग्रोवेर फोनवर कोणाशी तरी शाळेच्या बॅनरबद्दल हुज्जत घालत होता. कधी हात लावला नाही, तो म्हणाला होता.

मी फळीवरची बाटली उचलली. आत स्वच्छ, पारदर्शक द्रव होता, क्लीनर दिसतं तसाच. झाकण उघडलं आणि मी पापांच्या मांडीवर जाऊन पडले. बडीशेप. साखरेचा पाक घालून केलेली घरची बडीशेपेची दारू, जेवणानंतर अंगठ्याएवढ्या ग्लासातून ते घ्यायचे ती. डॉक्टरांनी बंद केलेली.

"वास घ्या, मास्तर." मी बाटली त्यांच्या नाकाशी धरली.

त्यांनी श्वास घेतला. माझ्या चेहऱ्याकडे बघून काय म्हणायला हवं याचा अंदाज घेऊ लागले.

"क्लीनर," ते म्हणाले.

जिन्यावर सपातांचा आवाज आला. आई खाली येत होती. तिच्या हातात झाकलेला छोटा जग होता.

६

मास्तर मागच्या अंगणात गेले. मी बाटली फळीवर ठेवली. आईने तिच्याकडे पाहिलं, उजेडासमोर धरली आणि मान डोलावली.

"बघ," ती म्हणाली. "काल गळ्यापर्यंत भरली होती."

"तू भरतेस ही?"

"मग कोण? पहिल्या दिवशी, त्याचं पान मांडलं तेव्हा खाली येऊन घेऊन गेले. नुसता दुकानाचा वास येत होता तिला. धुतली, त्याची दारू भरली, पानावर ठेवली. निरोप दिल्यावर पुन्हा जागच्या जागी. त्याची वस्तू त्याच्या जागी नको का?"

"ही दारूची बाटली आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

आई हसली. जुलैनंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "मला काय कळत नव्हतं? डॉक्टरांनी बंद केली म्हणून इथे लपवायचा. रोज साडेसहाला जिन्यावरून बघायचे मी. बाटली उचलायचा, माझ्याकडे पाठ करायचा आणि म्हणायचा, 'सालुद, जाडूबाई!' यंत्राच्या तब्येतीचं नाव पुढे करून पिणारा माणूस. एक शब्द बोलले नाही मी कधी."

सिरिंजमधून वाटीत सोडलेले क्लीनरचे चार थेंब, हेडचं तोंड रात्री सुकू नये म्हणून. पाठीमागून ते तिला तसं दिसलं होतं, नऊ वर्षं.

"आई, पापांना तर आपण निरोप दिला ना? दोन तारखेला, बाराला."

"दिला. गेला तो. पण संध्याकाळी येतो. दुकान बंद करायला नको का कोणी?" ती बाटलीत हळूच ओतू लागली. थेंब बाहेर गेला नाही. "दुसऱ्या दिवशी सहज बघितलं तर नखभर कमी. तेव्हा कळलं मला. रोज थोडी थोडी घेतो. रविवारी नाही, रविवारी तो कधीच खाली यायचा नाही. आणि या सोमवारी नाही आला. तशीच होती बाटली." तिचा हात थांबला. "सोमवारी मी फार घाबरले गं. वाटलं, आता संपलं. मंगळवारी पुन्हा आला."

सोमवार, सतरा नोव्हेंबर.

माझ्याकडे आता सगळं होतं: हत्यार, हात, वेळ, आणि असा साक्षीदार ज्याने ग्रोवेरचा पुरावा तारखेसकट पाठ म्हणून दाखवला. मास्तरांच्या नावावरचा डाग धुवायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मी आईसमोर उच्चारू शकले नाही.

"जेवायला चल," ती म्हणाली. "नीकाने सूप जाळलं वाटतं."

७

शनिवारी सकाळी, आई बाजारात गेल्यावर, मी ग्रोवेरला पहिल्यांदा यंत्राजवळ उभं केलं. नाकाला रुमाल लावून तो उभा राहिला.

तीन संध्याकाळी मी मास्तरांच्या हातात दुसरी बाटली दिली होती, क्लीनरची, गळ्याला लाल पट्टी चिकटवलेली. वाटी आणि तिच्यातला स्पंज कोमट पाण्याने धुतला होता आणि पाणी पूर्ण वाळल्यावरच क्लीनर घातलं होतं. भिंतीवर वीस, एकवीस आणि बावीस तारखेचे कागद लावले होते. आठ तुटक्या रेघा, मग दोन, मग एकही नाही.

"तू बरोबर होतास," मी ग्रोवेरला म्हटलं. "मास्तर बंद करत तेव्हाच ती बिघडायची. कारण मास्तर बंद करत तेव्हाच तिला घोट मिळायचा. तू नुसते दिवे बंद केलेस, म्हणून ती वाचली. हात मास्तरांचाच होता. बाटलीत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं."

"डोळे नाहीत का?"

"दोन्ही पाण्यासारखी दिसतात. फरक वासात आहे."

"मग नाक नाही का?"

मी मास्तरांकडे पाहिलं. ते मी सांगण्यासारखं नव्हतं.

"नाही," सिप्रियान मास्तर म्हणाले. "दोन वर्षं झाली. ताप आला होता तेव्हा गेलं ते परत आलं नाही. कॉफी, बायकोचं स्वयंपाकघर, काही नाही. लेओन्सियोला ठाऊक होतं. कुठे काही गळलं, कुठे वास सुटला, तर तो माझ्या वतीने हुंगायचा. तो गेल्यावर कोणाला सांगू? ज्याला वास येत नाही असा माणूस तू शाईच्या दुकानात ठेवला असतास?"

ग्रोवेरने रुमाल खाली घेतला.

"आणि ते बस थांब्याजवळचं दुकान?"

"दोनदा बोलावलं, दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा बोलावतील तेव्हा जाईन म्हणत होतो. तू मला हाकलणार होतास ना आज?"

ग्रोवेर वाटीकडे वाकून बघत होता, तिच्यात काही पडलंय आणि ते शोधायचंय असं. मग म्हणाला, "दारू भरली कोणी?"

मी सांगितलं. सगळं, सोमवारसकट. ऐकून तो स्टुलावर बसला, धर्ममातेच्या स्टुलावर.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, "आता इथे काय सुटलं, काय गळलं, ते मी हुंगेन. डोकं चढलं तरी." माफी मागण्याची ग्रोवेरची ही पद्धत. पापांचीही हीच होती.

"आणि ती बाटली?" मी विचारलं. "तीन दिवस मीच चोरून थोडी ओतून टाकली. मी सुक्रेला गेले की आई बघेल. कमी झालेली नसेल."

सिप्रियान मास्तरांनी आईची बाटली फळीवर थोडी पुढे सरकवली, लाल पट्टीवाली मागे.

"लेओन्सियोची कामं आजवर मीच केली की नाही? अजून एक."

८

डिसेंबरचा पहिला शुक्रवार आला. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमच्याकडे प्रत्येक दुकान निखाऱ्यांवर सुगंधी पाला आणि साखरेच्या वड्या जाळतं, धरणीला पाजतं, मग स्वतः पितं. मी सुक्रेला पुन्हा रजा मागितली होती. का, ते तिथे कोणाला सांगितलं नाही.

दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं होतं. रोज संध्याकाळी साडेसहाला मास्तर लाल पट्टीच्या बाटलीतून जाडूबाईला चार थेंब देत. मग जिन्याकडे पाठ करून दुसऱ्या बाटलीतून सिरिंजभर दारू स्वतःच्या तोंडात सोडत. त्यासाठी वेगळी सिरिंज त्यांनी खिशात ठेवली होती. चव कळते का, मी विचारलं. "गोड कळतं," ते म्हणाले. "बाकीचं आठवतं."

अंगणात धूर झाला. दोन्या नीकाने सगळ्यांच्या वतीने देवाला आणि धरणीला मोठ्याने मागण्या सांगितल्या, त्यात स्वतःच्या गुडघ्यांचीही होती. तेवढ्यात आई खाली आली. तिने सरळ आत जाऊन फळीवरची बाटली घेतली. दुसऱ्या हातात अंगठ्याएवढे पाच ग्लास होते, पापांच्या कपाटातले.

पहिली धार तिने जमिनीवर सोडली. मग एक ग्लास भरला आणि सिप्रियान मास्तरांसमोर धरला.

"ग्लासातून घ्या, मास्तर," आई म्हणाली. "सिरिंज जाडूबाईची आहे."

मास्तरांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. ग्रोवेर निखाऱ्यांकडे बघू लागला. आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ती आमच्यापैकी कोणाकडेही बघत नव्हती.

"आणि सावकाश. लेओन्सियोला एवढी लागत नव्हती."

मास्तरांनी ग्लास दोन्ही हातांनी घेतला. आम्हीही घेतले. तिला कधीपासून ठाऊक होतं, हे मी विचारलं नाही, आजही विचारलेलं नाही. बाटलीत उरलं होतं ते पाच ग्लासांत बरोबर बसलं. आईने ती नळाखाली धुतली आणि अंजिराच्या झाडाखालच्या दगडावर उपडी घातली. पुन्हा ती भरली नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता सिप्रियान मास्तरांनी शटर वर केलं, चाचणी छापली, तारीख घातली. सगळ्या रेघा आल्या होत्या. कागद त्यांनी ग्रोवेरच्या हातात दिला, आणि ग्रोवेरने तो खिळ्याला लावला.